लेदर हाय, थे श्वास घेते म्हने!

नाही, तुमी आधी माह्या हाताचा वास घ्या. घ्या न! तुमी, पहिल्या रांगेतले चष्मेवाले भाऊ... मांगं कायले सरकून राह्यले? साबनानं धुतले जी हे हात, राखेनं धुतले, लिंबू चोळलं, तरी बायको मले ताट दुरूनच सरकवते, कुत्र्याले पोळी टाकाव तशी! अन् हे कायच्यापायी? गाडीच्या सीटापायी! चामड्याच्या सीटापायी! चामडं बी म्हनाचं नाही, जवायाले राग येते. लेदर! लेदर हाय मामाजी, थे श्वास घेते म्हने! छी!

आता जवाई कोन, तर धम्मरत्न, माह्या पल्लवीचा नवरा. पुन्यात कंपनीत हाय, मानूस सोन्यासारखा, त्याच्याबद्दल माहा एक शब्द नाही. कंपनीनं त्याले सहा महिने धाडलं जर्मनीले, पल्लवी बी गेली संगं, अन् गाडी ठेवाची कुठं? त्याचं घर कामरगावले, पन तिथली गल्ली एवढीशी का दोन बकऱ्या समोरासमोर आल्या तं एकीले रिव्हर्स जा लागते, गाडी कुठून जाईन? म्हनून गाडी आली वाशीमले, माह्या अंगनात. हे लागलं त्याच्या मायले, म्हंजे आमच्या ईनबाईले. सख्ख्या मायपाशी नाही ठेवली, सासऱ्यापाशी ठेवली! फोनवर मले म्हने, "भाऊ, पोराची वस्तू हाय. काही झालं तं मी हावच इचारायले!" समजलं? गाडीले काही झालं का माही इज्जत दोन्हीकडून गेली, जवायापाशी बी अन् ईनीपाशी बी!

जायच्या दिवशी जवायानं मले गाडीत बसवलं, सीटावरून हात फिरवला, नव्या लेकराच्या डोक्यावरून फिरवाव तसा, अन् म्हने, "मामाजी, हे लेदर आहे. ते श्वास घेतं." म्या म्हनलं, असं? नाकानं? "नाही हो मामाजी, त्याला बारीक छिद्रं असतात. महिन्यातून एकदा हे क्लीनर लावायचं, मऊ फडक्यानं, अगदी हलक्या हातानं. मग हे कंडिशनर. साबण नाही, पाणी नाही, आणि ऊन तर अजिबात नाही!" अन् सीटाचा रंग कोनता? पांढरा! आता वाशीम जिल्ह्यात पांढरं काय टिकते, मले सांगा? आमच्या इथं उन्हाळ्यात बगळा बी मातकट दिसते! पन म्या म्हनलं, जवाईबापू, कायजीच नोका करू, तीस वर्षं एस्टीत कंडक्टरकी केली म्या, लोकायच्या वांत्या माती टाकून झाडल्या अन् त्याच हातानं डब्यातली भाकर खाल्ली, मले कायची किळस!

असं मले वाटे जी. वाटे.

पहिल्याच खेपेले बसलो साफ कराले. सीट अन् पाठ याच्या मधात जे फट असते न, तिच्यात बोटं घातले... नोका घालू! हात जोडून सांगतो, कोनाच्या बी गाडीच्या फटीत बोटं घालू नोका! चिवडा निघाला. केसायचा गुंता निघाला. चघळलेलं च्युइंगम निघालं, त्याले मुंग्या चिकटलेल्या, मेलेल्या, अन् त्या मुंग्यायच्या खाली... नख! पायाच्या अंगठ्याचं! अख्खं! इंजिनेर मानसाचं नख! अन् मानपानाचं पाहा न, जवायाचं नख हाय, उकिरड्यावर फेकाव तरी कसं? मोठी पंचाईत! श्वास घेते म्हने! या फटीतून श्वास घेऊन घेऊन थे जितं राह्यलं कसं, हेच मले नवल!

बरं, थेवढ्यावर भागलं असतं. तं मेडशीहून माहा मोठा भाऊ आला. त्याच्या पोराचं, उत्कर्षचं लगन, पोरगी अनसिंगची. "ग्यानबा, तुह्या अंगनात अशी गाडी उभी, अन् माहा पोरगा नवरदेव होऊन का जीपात जाईन?" म्या म्हनलं, दादा, लेदर हाय, थे श्वास घेते. दादा म्हने, "मंग? आमी का त्याचा गळा दाबून राह्यलो?" तेवढ्यात आतून भागिरथा आली, माही बायको, "देऊन टाका न जी! लोकं काय म्हनतीन? सख्ख्या पुतन्याले नाही देली म्हनतीन!" लोकं म्हनतीन! सीट पुसाले येतीन का लोकं?

देली. मीच चालवली. सीटावर चादर टाकली चांगली, दोन पदरी. पन नवरदेव आला कसा? अंगभर हळद घेऊन! आंघोळ पोरीच्या गावी जाऊन करीन म्हने! अन् हळद का साधी? दादाच्या वावरातली, घरी उकडलेली, घरी वाळवलेली, तेलात कालवलेली! दुकानातली भेसळीची असती तं रंग उडला बी असता, पन नाही, आमच्या घरान्याले भेसळ खपत नाही! पहिल्याच गतिरोधकाले चादर सरकली खाली, नवरदेव सरकला मांगं, अन् बसला तसाच, तेलासकट, हळदीसकट, पांढऱ्या लेदरवर! बाजूले करवली, तिच्या मांडीवर पोट्टं, पोट्ट्यानं बुंदी खाल्लेली, वरून मठ्ठा पेलेला. म्या आरशात त्याचं तोंड पाह्यलं... तीस वर्षाचा अनुभव, मले समजलं! म्या वरडलो, "खिडकी! खिडकीतून!" पन या गाडीची खिडकी बटनाची, अन् त्या टायमाले बटन कोनाले सापडते? शिलाईच्या एकेका टाक्यात बुंदीचा एकेक दाना, मोती गुंफल्यावानी! श्वास घेते म्हने! घे बाप्पा, घे आता, पोटभर घे!

घरी आलो. वांती एकवेळ निघाली, निदान वरची तरी. पन हळद? मांगच्या सीटावर नवरदेवाच्या बैठकीचा शिक्का, पिवळाजर्द. क्लीनरची शिशी रिती केली, तं हळद निघे नाही, पसरे. मंग म्या जवायाचं ऐकनं सोडलं अन् कपड्याचं साबन घेतलं. आता बाया आताच हासून राह्यल्या पाहा, त्यायले मालूम हाय! हळदीले साबन लागलं का काय होते? लाल! लालभडक! फेस लाल, बादलीतलं पानी लाल, माहे हात कोपरापर्यंत लाल, अन् नेमका त्याच टायमाले शेजारचा गुलाबसिंग गेटातून डोकावला. "कंडक्टर साहेब... कोन गेलं जी?" म्या म्हनलं, कोनी नाही गेलं, हळद हाय! "हो हो," म्हने, "हळदच असन," अन् मांगं मांगं पाय टाकत निघून गेला. त्या संध्याकाळी मी चौकात गेलो तं लोकं मले पाहून बोलनंच बंद करत!

भागिरथा म्हने, "अहो, हळदीले ऊनच लागते. उन्हात ठेवा, आपोआप उडते." जवाई म्हने ऊन अजिबात नाही, बायको म्हने ऊनच! मानसानं ऐकाव कोनाचं, तुमीच सांगा? ज्याच्या हातचं खाते त्याचंच ऐका लागते! मे महिना, चारही दारं सताड उघडे टाकले... अन् उडली जी! खरंच उडली! डागाचं नाव नाही! म्या खुशीनं हात लावला, तं करकर आवाज. वाळून पापड! दाबलं का बारीक भेगा! धावत जाऊन कंडिशनर आनलं, तं थे शिशी एकट्या डायवरच्या सीटानं एका घोटात पेली, बाकीचे सीटं उपाशी. अन् तिकडून जवायाचा फोन, व्हिडिओवाला, "मामाजी, गाडी दाखवा ना जरा!" म्या टायर दाखवला. बोनट दाखवलं. "आणि सीट?" म्या म्हनलं, हॅलो, हॅलो, नेटवर्क नाही जी! अन् तोंड तसंच उघडं ठेवून बसलो, हाललो नाही, म्हनलं त्याले वाटन चित्र अटकलं. तं मांगून आमची कोंबडी चालत गेली!

म्या डोक्याले हात लावून बसलो. तं भागिरथा आली, म्हने, "काय म्हनले होते जवाई? श्वास घेते न? मंग जितं हाय थे. अन् जितं कातडं मले नोका शिकवू!" कारन मोहल्ल्यात कोनाचं बी लेकरू झालं का तेल लावाले, शेकाले भागिरथाच लागते. पदर खोचून बसली जी गाडीत! तिळाचं तेल कोमट केलं, चोळलं वरून खाली, खालून वर, पाठीले हलक्या हातानं थापट्या मारल्या, वरून म्हनते कशी, "किती गुनाचं हाय बिचारं, रडत बी नाही!" मंग साय! दुधाची जाड साय, लेकराच्या अंगाले लावाव तशी, सगळ्या सीटायले, कोपऱ्याकोपऱ्यात! अन् शेवटी शेगडीत इंगळ, इंगळावर ओवा, अन् धुरी! गाडीतून धूर निघून राह्यला, गुलाबसिंग पुन्हा डोकावला, पुन्हा मांगं मांगं गेला. टाळू भरनं तेवढं राह्यलं होतं, थे बी भरली असती, पन सीटाची टाळू कोनती हे तिले सापडे नाही!

पन खोटं कायले बोलू? संध्याकाळी सीट असे मऊ, असे चमकदार, का माह्या डोळ्यात पानी आलं. म्या म्हनलं, भागिरथे, माही इज्जत वाचवली तू. काचा लावल्या, गाडी बंद केली, अन् आमी निघालो तिच्या माहेरी, लगनाले. तिथं आठ दिवस राह्यलो, आरामात!

तुमी कधी मे महिन्यात बंद डब्यात साय ठेवली हाय का?

दार उघडलं अन् वासानं मले असा धक्का मारला का मी मांगच्या बादलीत बसलो! तेल खवट झालेलं, साय आंबलेली, त्यात ओव्याचा धूर, अन् त्या सगळ्याच्या खालून थे जुनी बुंदी अन् मठ्ठा, माहेरवाशीन आल्यावानी पुन्हा हजर! मोहल्ल्यातल्या तीन मांजरी काचेले नाक लावून बसलेल्या! शिलाईच्या भोकाभोकात पांढरं-हिरवं काहीतरी, म्या आगपेटीच्या काडीनं कोरलं तं थे... वळवळलं! श्वास घेते म्हने! घेतच होतं जी, मले सोताच्या डोळ्यानं दिसून राह्यलं होतं! याच हातानं, याच बोटायनं कोरलं म्या थे सगळं, भोकन् भोक, चार दिवस अन्न गोड लागलं नाही. मले! एस्टीच्या मानसाले! वळवळ गेली. वास? वास नाही गेला. माह्या हाताचा गेला नाही तं सीटाचा कुठून जाईन?

अन् काल आले सगळे. जवाई, पल्लवी, अन् संगं ईनबाई, काखेत हे मोठं गाठोडं. म्या चाबी देली. म्या म्हनलं, झालं, आता दार उघडन अन् ग्यानबा, तुही इज्जत वासासंगंच बाहेर पडन! तं ईनबाई मधात आली. "थांब रे धम्मरत्ना! गाडी माह्यापाशी नाही ठेवली तू, ठीक हाय. पन मी बी सहा महिने रिकामी नाही बसली!" अन् गाठोडं सोडलं. काय असन? सीटाचे कव्हर! लोकरीचे! सोता क्रोशानं विनलेले, लाल अन् हिरवे, खाली झालर, झालरीले गोंडे! जवायाचं तोंड पाह्याजोगं झालं. "आई... अगं, ते लेदर आहे. ते श्वास घेतं..." "तं घेऊ दे न! मी का अडवून राह्यली? जाळीचंच विनलं हाय, भोकं कमी हायेत का त्याले!"

आता मायपुढं कोन बोलते? थो बाजूले सरकला. अन् मी? म्या तिच्या हातातून कव्हर हिसकलेच जवळजवळ, म्हनलं, ईनबाई, तुमी बसा सावलीत, तुमी कायले तरास घेता, मी लावतो! नाक दाबून, श्वास कोंडून, सगळ्या सीटायले म्या सोता बांधले, अन् अशा गाठी मारल्या, अशा गाठी मारल्या का कोनाच्या बापाच्यानं सुटनार नाही! ईनबाईच्या डोळ्यात पानी. म्हने, "भाऊ, माह्या मेहनतीची कदर तुमालेच हाय." तुमाले सांगतो, त्या टायमाले मले थे बाई साक्षात माय वाटली माही!

मंग जवाई बसला गाडीत. काचा वर केल्या. एसी लावला. अन् थांबला. नाक वर केलं, डावीकडं हुंगलं, उजवीकडं हुंगलं, एक गोंडा हातात घेऊन थो बी हुंगला. हळूच काच खाली केली. "मामाजी... हा वास कसला येतोय?"

पल्लवी मायकडे पाहे, माय आभाळाकडे पाहे, ईनबाई माह्याकडे पाहे. म्या हात पाठीमांगं लपवले, खिडकीत वाकलो, अन् एकदम मायेनं म्हनलं, "जवाईबापू, लेदर हाय न... श्वास घेऊन राह्यलं थे!"

अन् मनातल्या मनात म्हनलं, बाप्पा, आता एकदाचा शेवटचा घे, अन् सोड आमाले!