गाद्यांच्या कपाटातला आवाज

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. आवरणं आणि लपवणं यात फरक काय? घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण जे करतो, ते यातलं कोणतं? हसू नका, पुढच्या रांगेतल्या काकू. तुमच्या पलंगाखाली काय आहे ते मी विचारलेलं नाही.

तर साताऱ्यात दिगंबरराव टिल्लू नावाचे गृहस्थ. निवृत्त. स्वभावानं सज्जन, पण टापटिपीचं वेड. घरात वर्तमानपत्राची घडी मोडली की यांचा चेहरा उतरायचा. पत्नी शैलजाबाई. त्या घरी बसून शाळेच्या पुस्तकांची पानं संगणकावर लावून देत. कुठे चित्र, कुठे धडा, कुठे प्रश्न. काम अवघड, आणि जागा कुठली? जेवणाचं टेबल! म्हणजे रोज आमटी आली की संगणक उठणार, आणि आमटी उठली की संगणक बसणार.

शेवटी बाईच म्हणाल्या, "हॉलमधलं गाद्यांचं कपाट मला द्या."

भिंतीतलं खोल कपाट हो. गाद्या माळ्यावर गेल्या आणि बाईंनी आत संसार मांडला. डोळ्यांच्या उंचीवर संगणकाचा पडदा. त्याखाली कीबोर्डची सरकती फळी. दुलया असायच्या तिथे प्रिंटर. मागच्या फळीला भोक पाडून सगळ्या वायरी त्यातून काढल्या, आणि परकराच्या नाड्यांनी बांधल्या. बसायला आतच स्टूल. संगणक तापतो, म्हणून दारांना जाळी. देवघर इतकं नीट नसतं, मंडळी.

दिगंबरराव खूश. का? दारं लावली की काही दिसत नाही!

आता यांची मुलगी ऋजुता. तिनं मुलगा पसंत केलेला, मुलानं तिला. मुलाचे आईवडील, सबनीस, बोलणी करायला पाचला येणार होते. आले साडेचारला. शैलजाबाई त्या वेळी कपाटात, कानाला हेडफोन, साहेबांशी मीटिंग रंगलेली. बेल वाजली. दिगंबररावांनी काय करावं? हळूच दारं लोटली. ती परत उघडायला लागली, म्हणून बाहेरून कडी घातली. बाईंना पत्ता नाही!

पाहुणे बसले. मुलाची आई, इंदुमतीबाई, म्हणाल्या, "विहीणबाई दिसत नाहीत?"

"येईलच. घरीच असते ती."

खोटं नव्हतं म्हणा.

इंदुमतीबाई बोलण्यावर आल्या. "आमची एकच इच्छा. लग्नानंतर मुलांनी आमच्याजवळ राहावं."

कपाट म्हणालं, "नाही. एवढ्याशा जागेत इतकं बसणार नाही."

इंदुमतीबाई दचकल्या. "चार खोल्या आहेत आमच्या."

"रेडिओ आहे," दिगंबरराव म्हणाले. ऋजुतानं पदर नसताना तोंडाला पदर लावल्यासारखं केलं.

इंदुमतीबाईंनी पर्समधून मुलाचा लहानपणीचा फोटो काढला. "बघा तरी, कसा गोड होता."

कपाट म्हणालं, "हा फोटो काढून टाका. चेहरा बरा नाही. इथे बैलाचा चांगला दिसेल."

सबनीसांनी शंकरपाळ्याची बशी खाली ठेवली. आल्यापासून पहिल्यांदा. "रेडिओला आमच्या घरचं बरंच माहीत दिसतंय."

आणि तेवढ्यात कपाट शिंकलं. गाद्यांमधल्या डांबरगोळ्यांचा वास अजून गेला नव्हता ना.

इंदुमतीबाई उठल्या, सरळ गेल्या, कडी काढली. आत शैलजाबाई नाकाला रुमाल लावून बसलेल्या. त्यांनी हेडफोन काढला. "अगंबाई, कधी आलात? आणि हे दार कुणी लावलं?"

दिगंबरराव पुटपुटले, "पसारा दिसू नये म्हणून..."

इंदुमतीबाईंनी कपाटात डोकावून पाहिलं. फळी सरकवून पाहिली. नाड्यांनी बांधलेल्या वायरी पाहिल्या. मग शांतपणे विचारलं, "सगळं जागच्या जागी आहे हो. पसारा कुठाय? मग लपवलंत काय?"

दिगंबररावांना बायकोकडे बघायचीही हिंमत होईना. ती राबायची, आणि हे चारचौघांत 'घरीच असते' म्हणून मोकळे व्हायचे. मग म्हणाले, "चुकलं माझं. ही शैलजा. पुस्तकांची पानं लावते. उद्याच दारं काढून टाकतो."

आणि इथे, मंडळी, शैलजाबाई काय म्हणाल्या ऐका.

"दारं कशाला काढता? इतकी शांतता मला या घरात कधी मिळाली नव्हती. दारं राहू द्यात. फक्त कडी आतून बसवा."

सबनीस इतके हसले की शंकरपाळ्याचा ठसका लागला. लग्न तिथेच ठरलं, आणि इंदुमतीबाई निघताना कपाट करून देणाऱ्या सुताराचा पत्ता घेऊन गेल्या.

तेव्हा फरक एवढाच. स्वतःचं स्वतः ठेवलं, ते आवरणं. दुसऱ्यानं दार लावलं, ते लपवणं. आता इथून घरी जाल. आपल्या घरात कुणाच्या कामावर, कुणाच्या गाण्यावर, कुणाच्या बोलण्यावर दार लावलंय, ते बघा. आणि कडी बाहेरून असेल, मंडळी, तर ती काढायला उद्याची वाट बघू नका.