पुढचा गाळा सोडणारे गॉडफ्रेशेठ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या गाळेधारक संस्थेच्या प्रमुख माननीय वसुंधराताई राऊत, अंतराळ संशोधनात उभं आयुष्य घालवलेले आपले पाहुणे विद्याधर सामंत सर, सत्कारमूर्ती गॉडफ्रे तुस्कानो, त्यांच्या सूनबाई कार्मिन, आणि शुक्रवारची हक्काची सुट्टी मोडून जमलेल्या वसई पूर्वेच्या माझ्या गाळेवाल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

मी प्रल्हाद देसाई, पुठ्ठ्याची खोकी बनवतो. अंतराळाविषयी बोलायचा मला अधिकार नाही, सामंत सरांसमोर तर मुळीच नाही. पण गॉडफ्रेशेठ निवृत्त होताहेत, उद्यापासून प्रेसवर येणार नाहीत, आणि त्यांनी काय केलं हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना नीट ठाऊक नाही.

या क्षेत्रात नवे उद्योजक उभे राहायला काय लागतं, ते मघाशी सरांनी सांगितलं. खासगी कंपन्यांना दार उघडणारं धोरण, धीर धरणारं भांडवल, चाचणीची सोय, पहिली ऑर्डर देणारं मोठं गिऱ्हाईक. एकेक शब्द खरा आहे. सर, रागावणार नसाल तर त्यात मी एक भर घालतो. शेजारी.

दिशा परुळेकर, ती बघा, मागे मान खाली घालून बसली आहे, ती विरारची मुलगी. रॉकेटच्या इंजिनात इंधन सोडणारा आणि थांबवणारा छोटासा व्हॉल्व्ह तिने इथे बनवायचं ठरवलं. वसईच का? कारण इथे चार दारं सोडली की टर्नर आहे, पलीकडे हीट ट्रीटमेंटवाला, कोपऱ्यावर प्लेटिंगवाला. सकाळची चूक दुपारच्या डब्याआधी दुरुस्त होते. आपण रोज यातूनच ये-जा करतो, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही.

तिने गाळा घेतला तो नेमका गॉडफ्रेशेठच्या भिंतीला लागून. शेठ पॉवर प्रेसवर दरवाजाच्या बिजागऱ्या काढतात. दिवसभर धाड, धाड, धाड. दिशाची मापं जुळेनात. तिने भीत भीत सांगितलं, "अंकल, तुमच्या प्रेसमुळे माझं मोजमाप बिघडतंय." शेठना वाटलं, पोरीला आवाजाचा त्रास होतो. भला माणूस! त्यांनी खिडक्या बंद केल्या, भिंतीला गोणपाट आणि थर्माकोल ठोकला. ऐन मे महिन्यात त्यांची माणसं आत शिजून निघाली. आवाज खरोखर कमी झाला. मापं मात्र होती तशीच चुकत राहिली.

शेवटी दिशाने त्यांना हाताला धरून आपल्या मापयंत्रासमोर उभं केलं. मी तिथेच होतो. पलीकडे प्रेस पडली, इथे काटा उडाला. पुन्हा पडली, पुन्हा उडाला.

"हा मी?" शेठनी विचारलं.

"हो अंकल. जमिनीतून येताय तुम्ही. आवाजाचं काही नाही."

"बघा प्रल्हादशेठ! घरात माझं कोन ऐकत नाय, आनी हिचा काटा भिंतीपलीकडून ऐकतो!"

आम्ही हसलो, दिशा हसली नाही. गिऱ्हाईकाने पहिला लॉट परत पाठवला होता. पुढचाही असाच आला तर ऑर्डर रद्द, नाहीतर बंगळुरूला या, तिथे स्थिर जागा तयार आहे, असं कळवलं होतं. मी तिच्याकडे गेलो होतो तोही त्यासाठीच. सामान न्यायला तिला माझी खोकी हवी होती.

ती मापं घेत असताना शेठ प्रेस थांबवू लागले. पण प्रेस थांबली की नगावर काम करणारी माणसं नुसती बसतात. असं किती दिवस चालणार? मग संस्थेच्या सभेत शेठ उठले. "मी मागं जातो. प्रल्हादशेठनी माझ्या जागी यावं. खोक्यांनी काय जमीन हलत नाय."

माझा गाळा अगदी मागे, नाल्याला लागून. तिथे टेम्पो वळत नाही. शेठचा गाळा रस्त्यावर, वडिलांच्या वेळचा, दारावर क्रूस. सभेत कोणीतरी बोललंच, "आज हिला जमीन हललेली चालत नाय, उद्या बोलेल सूर्य हटवा!" वसुंधराताईंनी विचारलं, "गॉडफ्रे, घरी विचारलंत का?"

"विचारलं ना. कार्मिन बोलली, पप्पा, मागं वारा चांगला लागतो."

कार्मिन, तिथे वारा नाही, नाल्याचा वास लागतो, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही.

मी लगेच हो म्हणालो. त्या होकारात दिशाची काळजी किती आणि रस्त्यावरच्या गाळ्याची ओढ किती, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. समाधान होईल असं उत्तर मिळालेलं नाही. शेठच्या बाबतीत तो प्रश्नच येत नाही. त्यांना यात मिळण्यासारखं काय होतं? मी विचारलं, तर म्हणाले, "अरे, रॉकेटचं काम आपल्या वसईत आलंय, आनी माझ्या बिजागरीपायी परत जानार? लोकांना काय तोंड दाखवू?"

मागच्या बोळात क्रेन शिरेना. लोखंडी पाइपांवर सरकवत, पहारी लावत प्रेस नेली. सभेत हसणारेही तेव्हा हात लावायला आले होते, हे मी आवर्जून सांगतो. दिशाचा पुढचा लॉट पास झाला.

तिचे व्हॉल्व्ह बसवलेल्या रॉकेटचं उड्डाण आम्ही तिच्याच गाळ्यात टीव्हीवर दाटीवाटीने पाहिलं. रॉकेट वर जाऊ लागलं तसं शेठनी विचारलं, "यात आपला कुठला?"

"आत आहे अंकल. दिसत नाही."

"नसू दे. चालतोय ना?"

चालत होता. मंडळी, आपल्या वसईचा एवढा अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

सर, धोरण होतं, भांडवल होतं, ऑर्डर होती. तरीही शेठ जागचे हलले नसते तर दिशा गेली असती. आणि कोणी त्यांना नावंही ठेवली नसती, कारण स्वतःच्या गाळ्यात स्वतःची प्रेस चालवणं हा काही गुन्हा नाही.

आता प्रेस कार्मिन सांभाळणार आहे. आणि दिशाने मोठं मापयंत्र मागवलं आहे. त्याला खोल काँक्रीटचा पाया लागतो. एकदा घातला की तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पाया कुठे घालणार, असं मी काल तिला विचारलं. म्हणाली, "इथेच, काका. खणायला सुरुवात पण केली."

शेठ, तुम्हाला द्यायला आमच्याकडे याहून मोठी भेट नाही.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सुट्टीच्या दिवशी शांतपणे ऐकलंत, मी आभारी आहे. सांगण्यात काही राहिलं असेल, कोणाचा मान राखायचा चुकला असेल, तर एका खोकीवाल्याचं बोलणं म्हणून सांभाळून घ्या. नमस्कार.