टॉवेलाखालचे मार्क

—बियर नाही हो चाचा, सायडर! सफरचंदाचा रस आंबवून करतात. हो, चढतं, पण हळूच. तुम्ही हात नका लावू, गुलाम रसूलचाचा, मीच टाकते पोत्यात. लहानपणापासून रद्दी तुम्हालाच देतो आम्ही, आणि आता हे असले डबे देतेय, काय म्हणत असाल तुम्ही! कंधारभर सांगू नका एवढंच. मोजे? मोजे परत द्या, ते माझे आहेत. प्रत्येक कॅनला मोजा घातला होता, नाव दिसू नये म्हणून. चाखणाऱ्यानं नाव वाचलं की जीभ नावाचं ऐकते, रसाचं ऐकत नाही — हे शिकायला मी तीन वर्षं इंग्लंडात राहिले. आणि कालच्या चाखण्याचं मला काय वाटलं होतं सांगू? वाटलं होतं, पांढरी चादर अंथरीन, परीक्षक ओळीनं बसतील, घोट घेतील, डोळे मिटतील, घोट थुंकतील आणि खरं काय ते सांगतील. झालं काय? चादर सोडून यातलं काहीच झालं नाही. चादरही आईनं फुलाफुलांची दिली.

थुंकायचंच बघा ना. थुंकायला प्रत्येकासमोर स्टीलचा तांब्या ठेवला होता. चाखणाऱ्यानं गिळायचं नसतं, नाहीतर तिसऱ्या कॅनला परीक्षकच आंबतो. तर लिंबाजीकाका — आमचे काका हो, बैलांचे दलाल, बसस्टँडची मागची भिंत ज्यांनी एकट्यानं लाल केली — ते तांब्याकडं बघून म्हणतात, "पोरी, घरात बसून तोंडातलं थुंकायचं? पाप लागंल की!" मी म्हटलं, काका, तुम्ही तर चालत्या गाडीतून थुंकता. तर म्हणे, "ते तंबाखूचं पान हाय. हे तू वाढलेलं हाय." गिळलं सगळ्यांनी. शेवटपर्यंत गिळलं. केवळाआत्याची तर चतुर्थी होती. तिनं विचारलं, "कशाचं हाय म्हणलीस?" सफरचंदाचं, मी म्हटलं. "मग फळच झालं की. उपासाला चालतं." चाललं ना, चांगलंच चाललं, चंद्र उगवायच्या आधीच तिला दोन दिसले! शिवमूर्ती सर, मला शाळेत विज्ञान शिकवायचे ते, आल्या आल्या म्हणाले, "मी फक्त वास घेणार." पहिल्या ग्लासाला घेतला वास. दुसऱ्यालाही घेतला. तिसऱ्याला म्हणाले, "नुसत्या वासावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय ठरेल." आणि चौथी परीक्षक आई. आई कशाला? कारण तिला बाहेर बसवलं असतं तर तिनं दर दोन मिनिटांनी भजी आणली असती, आणि भज्यानं जीभ बिघडते.

तर पहिला कॅन चाखला. मी विचारलं, कसं आहे? चौघंही म्हणाले, एक नंबर. दुसरा? एक नंबर. तिसरा तर इतका आंबट होता की सरांचा एक डोळा उघडेचना — तरी मिटल्या डोळ्यानं, एक नंबर! अहो, मला खरं पाहिजे होतं चाचा, खरं! माझा सगळा... जाऊ द्या. नाही, सांगतेच आता. पुण्याहून मागवलेले पाच होते. सहावा माझा होता. आपल्या बोरांचा. होय, बोरांचा, आपल्या माळावरच्या. मीच पिळला, मीच आंबवला, मीच मागच्या खोलीत हातमशीननं झाकण लावलं — हे कुठं बोलू नका, परवान्याचं अजून चालू आहे, प्रयोगाचा होता, नुसता प्रयोगाचा. आणि मी मनाशी ठरवलं होतं, माझा कॅन पहिल्या तीनांत आला तर इथंच राहायचं, नाही आला तर परत जायचं. तिकडच्या एका सायडरवाल्यांची नोकरी हातात आहे, उत्तर आजच द्यायचं होतं. सफरचंद इंग्लंडला, मग बोर कंधारला का नाही? का नाही, सांगा ना! इथल्या मातीची, इथल्या उन्हाची चव जगाच्या टेबलावर — हो, हो, भाषण करतेय मी, कळतंय मला. तर हे ठरवलेलं मी फक्त आईला सांगितलं होतं. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं. फक्त माझा कॅन कोणता, ते कुणालाच माहीत नव्हतं. मग काय, चुकून माझ्यालाच नाव ठेवलं जाईल म्हणून कुणी कशालाच नाव ठेवीना!

मी चिडले. तेव्हा लिंबाजीकाका म्हणतात, "अगं येडे, तोंडानं खरं बोलतेत का कुठं? मी पन्नास बैलं इकली, तोंडानं एकाचा भाव बोललो न्हाई. हात दे." आणि खांद्यावरचा टॉवेल काढला त्यांनी. माळेगावच्या यात्रेत बघितलंय ना तुम्ही, दलाल कापडाखाली हात धरतो, बोटं दाबून भाव सांगतो, शेजारच्याला पत्ता नाही. तसं. पाच बोटं म्हणजे उत्तम, मूठ म्हणजे शून्य. सगळा खेळ पहिल्यापासून! आणि काय सांगू चाचा, तोंडानं "एक नंबर, एक नंबर" चालूच, आणि खाली टॉवेलात एक बोट, दोन बोटं, एक बोट! अख्ख्या इंग्लंडात इतकं प्रामाणिक पॅनेल मिळालं नसतं. मला तर गहिवरून आलं.

मग माझा कॅन आला. आता बघा, माझ्या सायडरला एक खास वास होता. गोठ्याचा. तसा वास यावा म्हणून तिकडं लोक धडपडतात, आमचे शिक्षक ग्लासात नाक घालून म्हणायचे, "आहा, गोठा!" फी भरून शिकलेय मी तो वास ओळखायला. इथं आत्यानं घोट घेतला, माझ्याकडं बघितलं, गोड हसली, म्हणाली, "एक नंबर" — आणि टॉवेलाखाली मूठ. काका, मूठ. सर, मूठ, आणि वर अंगठाही आत दाबलेला. आत्याच्यानं राहवेना, म्हणाली, "छान हाय गं, पर गोठा प्यायचा कशाला? आपल्याकडं हाय की मागं." रडले नाही मी. बरं, थोडी रडले, मोज्यात.

राहिली आई. ती तर मी आल्यापासून रोज म्हणत होती, "तिकडंच बरं हुतं, इथं काय हाय, नुसता फुफाटा." मी टॉवेलाखाली हात घातला. आईनं पाच बोटं दाबली. पाची! घट्ट, सोडेचना. मला वाटलं, आईला कळलं, आईच्या जिभेला कळलं! शेवटी मी एक ग्लास नळाच्या पाण्याचा ठेवला होता मुद्दाम, परीक्षक शुद्धीवर आहे का बघायला. आत्यानं मूठ दिली, काकांनी मूठ. सरांनी तीन बोटं दिली, वर म्हणाले, "संयमित आहे." आणि आईनं? पाच! नळाच्या पाण्याला पाच! मग माझ्या डोक्यात उजेड पडला, पहिल्यापासून तिनं प्रत्येकाला पाचच दिले होते. मी ओरडले, आई, अगं चव बघून मार्क द्यायचे असतात! तर सगळ्यांसमोर म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं. तुझा कोणता ते कुणी सांगंना, मग मी समद्यालाच दिले. एखादा सुटला असता आन् तू गेली असतीस, मग?"

एवढं म्हणाली आणि ग्लास विसळायला उठली. काका छताकडं बघत होते. सर म्हणाले, "पाणी अजून आहे का?"

तर असं झालं. नाही, मार्कांनी मी नापासच, साफ नापास, तीन मुठी म्हणजे काय कमी आहे? आज सकाळी उठले, दात घासले आणि ठरवलं. नोकरीवाल्यांना येत नाही म्हणून कळवलं. बोरं नव्यानं घ्यायची, आणि गोठ्याचा वास पार घालवायचा. आणि आईला पॅनेलवरून काढून टाकलं. मी जात नाही हे ऐकून आई नुसती "बरं" म्हणाली आणि पीठ मळत बसली. पॅनेलवरून काढलं म्हटल्यावर मात्र परात आपटली — "का म्हणून? माझं काय चुकलं? त्या मास्तरनं पाण्याला तीन दिले, त्याला ठेवतीस!" तेव्हापासून बोलत नाहीये माझ्याशी... अगंबाई, आलीच ती. चाचा, उचला पोतं. उचला, उचला, वजन तिकडं करा. काही नाही गं आई, रद्दी देतेय!