वळणावरचा माझा ऊस

हॉर्नवरून वाद चाललाच आहे, तर माझा अनुभव ऐका. सोनईला जाताना मी शेजारचे शेतकरी रावसाहेब यांच्या मोटारसायकलवर मागे बसलो होतो. आमच्या शिवारातल्या डाव्या वळणावर ऊस रस्त्याच्या कडेपर्यंत उभा होता. पलीकडचे काहीही दिसत नव्हते. रावसाहेबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केले आणि ते कान देऊन ऐकू लागले.

मी म्हणालो, "हॉर्न वाजवावा आणि डाव्या बाजूने जावे, असा नियम आहे. वाहतुकीच्या नियमांचे पुस्तक मी संपूर्ण वाचले आहे."

"तुमी वाचलंय, अण्णा. ट्रॅक्टरवाल्यानं न्हाई. त्याच्या टेपापुढं आपला हारन कुनाला ऐकू येतोय?"

"मग थांबायचे तरी किती?"

"त्याचं गानं पुढं जाईपर्यंत."

तेवढ्यात गाणे जवळ आले. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर वळला. मागची ट्रॉली कोपरा कापत, मी सांगितलेल्या डाव्या बाजूवरूनच घासत गेली.

रावसाहेबांनी मागे न पाहता विचारले, "अण्णा, ह्यो ऊस कुनाचा?"

उत्तर त्यांना ठाऊक होते. ऊस माझा होता. लागवडीच्या वेळी कोपरा मोकळा सोडा, असे त्यांनी मला दोनदा विनवले होते. मी त्यांना सातबारा दाखवला होता.

त्याच दिवशी मी कोपऱ्यातला ऊस तोडून जनावरांना घातला. आता वळणापलीकडचा रस्ता स्पष्ट दिसतो. रावसाहेब तरीही तेथे गाडी थांबवतात, आणि मीही मागे बसून कान देतो.