आपोआप बंद पडली

(बिघडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा काढून देणारं दुकान. काउंटरच्या अलीकडे गॅरेजवाले काका, पलीकडे दुकानाची मालकीण.)

काका : ताई, तो फॉर्म ठेवा बाजूला. खरं काय झालं ते त्या एवढ्याशा रेघेवर मावायचं नाही. ऐका, अख्खी गोष्टच सांगतो.

ताई : फॉर्मवर तुम्हीच लिहिलंत, 'आपोआप बंद पडली'. आतल्या तबकडीवर अंगठ्याचा ठसा निघाला, काका.

काका : तोही आपोआपच उमटला असेल.

ताई : काका!

काका : बरं बाई, माझाच. लेकीनं तीन वर्षं रानोमाळ हिंडून पाखरांचे आवाज भरलेत यात. म्हणाली, "बाबा, तुमच्या कपाटात ठेवते, तिथं कुणी हात लावणार नाही." मला वाटलं, आपणही एकदा ऐकावं. जोडली, तर पाखरू कुठलं! नुसतं कट्-कट्, कट्-कट्.

ताई : तिथंच वायर काढून थांबायचं.

काका : थांबतोय कसला! चाळीस वर्षं आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखतोय. कान लावला आणि छातीठोक सांगितलं, बेअरिंग गेलं.

ताई : कुणाला सांगितलं?

काका : बायकोला. ती म्हणाली, हात लावू नका. मग काय, लगेच लावला.

ताई : पण याचे स्क्रू चांदणीचे. साध्या स्क्रूड्रायव्हरनं निघत नाहीत.

काका : नाहीच निघाले! तासभर कानशीनं घासून स्क्रूड्रायव्हर बसता केला. अक्कल होती हो, फक्त रिव्हर्स गिअरमध्ये. झाकण उघडलं तर आत लख्ख आरसा, आणि त्यात माझंच थोबाड. तेव्हा तरी समजायचं! फुंकर मारली, वर अंगठ्यानं पुसली.

ताई : अरे देवा. तेल नाही ना घातलं?

काका : बुधली हातात होती. तेवढ्यात बाहेर गिऱ्हाइकानं हॉर्न वाजवला.

ताई : त्या गिऱ्हाइकाचे पाय धरा.

काका : म्हणजे? वाचलं काही?

ताई : जवळजवळ सगळं. तबकडी साफ केली, तिच्यावर फिरणारी वाचायची सुई बदलली. मग सोपा भाग आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवला, हट्टी जागा शेवटी. नऊ दिवस लागले. आज सकाळी नक्कल पुरी झाली.

काका : मग लावा की! एखादी चिमणी तरी ऐकू द्या.

ताई : नक्कल म्हणजे जशीच्या तशी. मूळ डिस्कला कुलूप होतं, ते हिच्यातही आलंय. पासवर्ड लागेल.

काका : तुमच्याकडे कुलूप फोडायचं काही हत्यार...

ताई : नाही. आणि असतं तरी तुमच्यासमोर काढलं नसतं. लेकीला विचारा.

काका : तिथंच तर गाडी अडलीय. ती रोज फोन करून विचारते, "डिस्क बरी आहे ना?" मी म्हणतो, कपाटात निवांत झोपलीय.

ताई : तिला कधी हवीय?

काका : सोमवारी. परीक्षकांपुढे ऐकवायचंय. नाहीतर तीन वर्षं पाण्यात, माझ्या अंगठ्यापायी.

ताई : मग आत्ताच लावा फोन.

काका : ...लावला. वाजतोय. ताई, एवढा एक उपकार करा. पहिलं वाक्य तुम्ही बोला. "पाखरं सुखरूप आहेत", एवढंच. मग फोन माझ्याकडे द्या. अंगठ्याचं मी सांगतो.