नायिकेनं घर सोडलं तेव्हा

आमच्या खारघरच्या सोसायटीतल्या बुक क्लबात मध्यंतरी काय झालं, ऐका. कादंबरीतली बाई शेवटी घर सोडून जाते, म्हणून सगळे हळहळत होते. माझी बायको सुनंदा म्हणाली, “पहिल्याच प्रकरणात जायला हवं होतं तिनं!”

घरी परतताना मी तिला विचारलं, “तुझ्या मनात आलं होतं कधी?”

“एकदा भांडून निघाले होते की. पनवेल स्टँडवरून परत आले.”

“माझ्यासाठी?”

“छे! अर्धवट वाचलेलं पुस्तक घरी राहिलं होतं.”

“आणि ते संपल्यावर?”

“तोवर तुमच्यावरचा राग गेला होता,” म्हणत तिनं माझा हात धरला.

तेव्हापासून तिच्या उशाशी एक तरी न वाचलेलं पुस्तक असेल, हे मी बघतो.