सप्टेंबरचं झाड

तोमिए : हिवाळ्यातच सालीला रोग धरला. फांदीपुरता असता तर छाटून वाचवलं असतं, पण बुंध्यात उतरला. मग कापण्याशिवाय इलाज नाही राहिला. फोन लावताना मला धास्ती होती, तुमची आई उचलते की काय. तू उचललास, सुटले.

मुत्सुमी : आईला नाही सांगितलं अजून.

तोमिए : नकोच सांगू. इतकी वर्षं हात्सुएबाईंनी आमच्या बागेतलं हेच एक फुजी सफरचंदाचं झाड भाड्यानं घेतलं. वर्षभर निगा आम्ही करायची आणि फळं तोडायला त्यांनी यायचं, डोक्याला टॉवेल बांधून. माझ्या नवऱ्याला शिडीवरून उतरवायच्या. म्हणायच्या, माझं झाड आहे, मी चढणार.

कियोताका : मग दुसरं फुजी द्या ना, काकू. त्यात एवढा विचार कसला? त्या रांगेत नावाची पाटी नसलेली दिसतायत दोन-तीन. मला दुपारची गाडी पकडून टोकियोला पोचायचंय. उद्या सकाळीच मीटिंग आहे.

तोमिए : आहेत की. ते कोपऱ्यातलं बघ, यंदा फुलोरा कसा गच्च आलाय. नोव्हेंबरात तोडणीला येईल तोवर फांद्यांना टेकू द्यावे लागतील.

मुत्सुमी : त्सुगारुचं आहे का एखादं मोकळं?

तोमिए : त्सुगारु? तुमच्या घरी? अगं, ते सप्टेंबर लागला की तोडायचं. चार दिवस उशीर झाला की सगळं खाली. टिकतही नाही, पिठूळ होतं. तुझी आई त्सुगारुला काय म्हणायची ठाऊक आहे ना? घाईत लग्न लावून दिलेली पोर.

मुत्सुमी : ठाऊक आहे.

कियोताका : ताई, आईला फुजी लागतं. मध उतरलेलं. कापल्यावर मधोमध ते पिवळं दिसलं नाही, तर दुकानात परत नेऊन देते ती.

मुत्सुमी : द्यायची.

कियोताका : काय?

मुत्सुमी : नेऊन द्यायची. आता दुकानात जात नाही ती.

कियोताका : तेच म्हणतोय मी.

तोमिए : मधलंही आहे एक. शिनानो स्वीट. ऑक्टोबरात येतं. रसाळ, साल पातळ. म्हाताऱ्या माणसाच्या दातांना बरं पडतं.

मुत्सुमी : दातांचं काही नाही, काकू, गिळणंच अवघड झालंय. किसून, त्यात घट्ट करायची पावडर घालून, चमच्यानं द्यावं लागतं. पाणीसुद्धा तसंच.

तोमिए : एवढं झालंय होय?

कियोताका : फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला होता. त्यातून उठली ती. गेल्या महिन्यात आलो तेव्हा चांगली बोलली माझ्याशी. ऑफिसात कसं चाललंय विचारलं, नवे साहेब त्रास देतात का विचारलं.

मुत्सुमी : बाबांचे साहेब.

कियोताका : म्हणजे?

मुत्सुमी : तुला बाबा समजत होती. तू हो-हो करत राहिलास. बरं केलंस. त्या दिवशी नीट जेवली.

तोमिए : मी चहाचं आधण ठेवते. तुम्ही दोघं झाडं बघून घ्या.

मुत्सुमी : थांबा, काकू. तुमच्यापासून काय लपवायचं. डॉक्टर म्हणाले, ऑगस्टपर्यंतचा हा उन्हाळा निघाला तर निघाला.

कियोताका : असं नाही म्हणाले ते. उन्हाळ्यानंतर बघू, म्हणाले. फोन चालू होता, मी ऐकत होतो.

मुत्सुमी : मी समोर बसले होते. ते म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरचं पेन सरळ करत होते.

कियोताका : आणि पेनावरून तू महिना काढलास.

मुत्सुमी : हो.

कियोताका : कमाल आहे. जिवंत माणसाला तू सप्टेंबरपर्यंतच धरून बसलीयस.

मुत्सुमी : कुणीतरी कुठपर्यंत तरी धरायला नको? तू म्हणतोस नोव्हेंबर. झाड लाल होईल आणि खाणारी नसेल, तर त्या पेट्या मी कुठे ठेवू? तिच्या खोलीत?

कियोताका : नसेल कशावरून? तू पैज लावल्यासारखं बोलतेस.

मुत्सुमी : एकदा तिच्या तोंडात तिच्या झाडाचं फळ पडावं, एवढंच बघतेय.

कियोताका : तिला कळेल, त्सुगारु आहे ते.

मुत्सुमी : तिला माझं नाव कळत नाही रोज.

कियोताका : सफरचंद कळेल.

तोमिए : कियोताका, जरा हळू. पलीकडच्या रांगेत माणसं आहेत. हे बघा, मी झाडं देते. कुठलं घ्या असं माझ्या तोंडून काढून घेऊ नका. माझ्या सासूच्या वेळी आम्ही घरचे सगळे बोलायचो, आणि माझी नणंद एकटी करायची. एवढं आठवतं मला.

कियोताका : मी ताईला एकटीला टाकून गेलोय, असं म्हणायचंय का तुम्हाला?

तोमिए : मी नणंदेचं सांगितलं.

कियोताका : ठीक आहे. ताईकडे असते आई. ताई म्हणेल ते.

मुत्सुमी : हे तू नेहमी स्टेशनला निघताना म्हणतोस.

कियोताका : मग काय म्हणू? तूच सांग, काय म्हणू?

मुत्सुमी : काही नको. काकू, त्सुगारु लिहा. पाटीवर नाव आईचंच घाला.

(त्याच वर्षीचा नोव्हेंबर सरत आलेला. फुजीच्या रांगांतून शिड्या लागल्या आहेत. त्सुगारुची रांग केव्हाच रिकामी झाली आहे. मुत्सुमी फाटकातून चालत वर येते.)

तोमिए : ये गं. गाडी वर का नाही आणलीस?

मुत्सुमी : आई आहे गाडीत. झोपलीय. खड्ड्यांनी जागी होईल म्हणून खालीच उभी केली. कियो बसलाय तिच्याजवळ.

तोमिए : हात्सुएबाई आल्यात? इथवर?

मुत्सुमी : हो. कियोनं आणलं. खुर्चीसकट चढवता येईल अशी गाडी भाड्यानं घेऊन आला काल.

तोमिए : सप्टेंबरात तू एकटीच पेट्या न्यायला आलीस, तेव्हा मला वाटलं, आता पुढचा फोन त्या गेल्याचाच.

मुत्सुमी : मलाही तेच वाटलं होतं.

तोमिए : खाल्लं का त्यांनी तेव्हा?

मुत्सुमी : दोन चमचे. तिसरा बाहेर काढला. म्हणाली, हे आपल्या झाडाचं नाही. पुष्कळ दिवसांत इतकं स्पष्ट बोलली नव्हती. मग तोंड मिटून घेतलं. पेट्या शेजारीपाजारी वाटल्या. उरलं ते शिजवून ठेवलं.

तोमिए : आणि आता?

मुत्सुमी : आता बरी आहे. वजन वाढलंय. डॉक्टर म्हणाले, हृदय दणकट आहे, घरचं करणं चांगलं आहे. हिवाळाच काय, पुढचा फुलोराही बघतील, म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

तोमिए : मग चांगलंच झालं की.

मुत्सुमी : हो.

तोमिए : अशी काय गं बोलतेस? रेडिओवर हवामान सांगतात तशी.

मुत्सुमी : काकू, मी सप्टेंबरपर्यंतचंच बांधून घेतलं होतं.

तोमिए : काय बांधून घेतलं होतंस?

मुत्सुमी : बळ म्हणा. रात्री उठून कूस बदलायची, कपडे बदलायचे, गिळताना गळ्याकडे बघत बसायचं. प्रवासाला निघताना लागेल तेवढंच बरोबर घेतो ना, तसं. शाळेच्या स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं, ऑक्टोबरात परत कामावर येते. ती गेल्यावर चौकटीत घालायचा फोटोही काढून ठेवला होता, किमोनोतला. सगळं तयार होतं. मग सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. ती रोज सकाळी डोळे उघडते.

तोमिए : आणि तुला काय वाटतं तेव्हा?

मुत्सुमी : काहीच नाही. आनंद नाही, वाईट नाही. पडदा सारते, पाणी तापवते. शाळेत माझ्या जागी दुसरी बाई घेतली. ते कळलं तेव्हाही काही झालं नाही. फोन ठेवला आणि तांदूळ धुतले.

तोमिए : कियोताकाला बोललीस यातलं काही?

मुत्सुमी : तो खूश आहे. म्हणतो, बघ, मी म्हणत होतो. खरंच आहे, तो म्हणत होता.

तोमिए : तुझा चेहरा त्याला दिसत नाही का?

मुत्सुमी : फोनवर चेहरा कुठे दिसतो. तोच आला बघा.

कियोताका : ताई, उठली ती. काच खाली करायला लावली मला. विचारतेय, आपलं झाड कुठलं.

मुत्सुमी : काय सांगितलंस?

कियोताका : काही नाही. म्हटलं, काकूंना विचारून येतो. गाडीत एकटीच आहे, पण पट्टा लावलाय. काकू, फुजीचं एखादं झाड उरलंय का हो?

तोमिए : झाडं सगळी लोकांच्या नावाची. माझ्या घरची दोन आहेत, शेडच्या मागे. त्यातली तोडून घे हवी तेवढी. आडवं कापून बघ, मध धरलाय.

कियोताका : चल ताई. तू दाखव तिला. तुझ्या हातून खाईल.

मुत्सुमी : तू जा.

कियोताका : अगं, पण मला कुठे येतं ते?

मुत्सुमी : किसणी पिशवीत आहे. पावडरही तिथेच, छोटा चमचा भरून. पाठ ताठ ठेव, हनुवटी थोडी खाली. अर्धाच चमचा द्यायचा. गळा हलला की पुढचा. त्याआधी नाही. ती बोलायला लागली तर थांबायचं.

कियोताका : आणि नाही गिळलं तर?

मुत्सुमी : थांबायचं.

कियोताका : किती वेळ लागतो?

मुत्सुमी : तिला लागेल तेवढा.

कियोताका : साडेचारची टोकियोची गाडी होती माझी.

मुत्सुमी : हो, माहितीय.

कियोताका : ताई, तू बरी आहेस ना?

मुत्सुमी : किसल्याबरोबर दे, नाहीतर काळं पडतं.

कियोताका : बरं. जातो. उद्या ऑफिसला कळवतो काहीतरी. जातो मी.

तोमिए : फळं तोडून गाडीशी पोचला. किसणीसाठी पिशवी चाचपतोय बघ. उलटी धरलीय. जाऊ का मदतीला?

मुत्सुमी : नको. सापडेल त्याला.

तोमिए : मग तू चल आत. शेगडी पेटवलीय.

मुत्सुमी : इथेच बसते, या पेटीवर. काकू, त्यांच्यापैकी कुणी हाक मारली तर म्हणाल का, मुत्सुमी इथे नाही म्हणून? थोडाच वेळ.

तोमिए : म्हणेन. पाय वर घेऊन बस. जमीन गार पडलीय.